पुढचं स्टेशन बंद असलं तर? : वाचकांचे प्रश्न

मागच्या वेळी इलेक्ट्रिक गाडीबद्दल जाता जाता दोनच ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढे प्रश्न आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देऊन टाकलं. गंमत म्हणजे शहरातल्या चार्जिंगबद्दल कुणीच काही विचारलेलं नाही. सगळ्यांची धास्ती एकच, मोठा रस्ता सोडून आत वळल्यावर काय. साधारण सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं-गावं काढून टाकलीत.

प्रश्न : सर, आम्ही नवीन गाडी घेतली, बॅटरी ४५ युनिटची आणि कंपनी म्हणते रेंज ४५० किलोमीटर. पुढच्या महिन्यात साडेपाचशे किलोमीटर जायचंय. पहिला चार्जर १२० किलोमीटरवर आहे, नंतर सगळा गावांचा पट्टा आणि दर ७० किलोमीटरला एकेक फास्ट चार्जर दिसतोय. मुलगा म्हणतो गाडी १० टक्क्यांवर आणायची, मग ती सगळ्यात फास्ट चार्ज होते. मिस्टर म्हणतात निम्मी झाली की लावायची. दोघांचं रोज वाजतंय. कोण बरोबर?

ताई, मुलगा हायवेवर बरोबर आहे आणि मिस्टर गावाकडच्या रस्त्यावर बरोबर आहेत. तुमचा रस्ता गावाकडचा आहे, तेव्हा या वेळी मिस्टरांचं ऐका.

आधी ते ४५० डोक्यातून काढा. तो आकडा टेस्टमधला असतो, ठरलेला वेग, ठरलेलं तापमान. तुमची गाडी खऱ्या रस्त्यावर चार माणसं, सामान आणि एसी घेऊन १०० किलोमीटरला १५ युनिट खाते असं धरू, म्हणजे ४५ युनिटमध्ये ३०० किलोमीटर, म्हणजेच १ टक्का = ३ किलोमीटर. हे एवढं पाठ झालं की अर्धं प्लॅनिंग झालं. (आधी दोन-तीनदा मोकळ्या रस्त्यावर शंभरेक किलोमीटर जाऊन तुमच्या गाडीचा खरा आकडा बघून घ्या, माझा १५ हा अंदाज आहे, तुमचा १३ पण येईल नाहीतर १८ पण.)

आता १०० टक्के करून घरून निघालात. पहिल्या स्टेशनला, १२० किलोमीटरवर, तुमच्याकडे ६० टक्के आहेत. दुसऱ्याला, १९० वर, साधारण ३७. तिसऱ्याला, २६० वर, १३. मुलाच्या हिशोबाने तिसरं स्टेशन एकदम परफेक्ट, १३ टक्क्यांवर जाऊन लावायची. पण तिसरं स्टेशन बंद निघालं तर? पुढचं ७० किलोमीटरवर, मागचं पण ७० किलोमीटरवर, आणि ७० किलोमीटरला लागतात २३-२४ टक्के. हातात १३. झालं, तिथेच बसा.

तेच दुसऱ्या स्टेशनला थांबायचं ठरवलं आणि ते बंद निघालं तर ३७ टक्क्यांत तिसऱ्याला आरामात पोचता, १३ शिल्लक ठेवून. पोटात थोडा गोळा येईल पण पोचाल. माझा नियम एवढाच आहे, ज्या स्टेशनला चार्ज करायचंय तिथे पोचताना हातात त्याच्या पुढच्या स्टेशनला जाण्यापुरतं चार्जिंग पाहिजे, वर दहा टक्के. मागचं स्टेशन जवळ असेल आणि ते चालू असल्याचं येताना डोळ्यांनी बघितलं असेल तर मागचं धरा, तेही चालतं.

मुलगा म्हणेल की ३७ वर लावली तर वेळ वाया जातो. हे म्हणणं कुठून आलंय ते सांगतो, कारण सगळे व्हिडिओवाले हेच सांगतात. बॅटरी रिकामी असते तेव्हा ती जास्त वेगाने वीज घेऊ शकते आणि भरत आली की गाडी स्वतःच वेग कमी करत जाते, विशेषतः ८० टक्क्यांच्या पुढे. म्हणून दीडशे, साडेतीनशे किलोवॅटच्या (किलोवॅट म्हणजे चार्जर तासाला किती युनिट देऊ शकतो तो आकडा) मोठ्या चार्जरवर कमी टक्क्यांनी जाण्यात खरंच फायदा आहे. पण गावातला चार्जर ५० किंवा ६० किलोवॅटचा. तिथे गाडी मागतेय जास्त आणि चार्जरच देऊ शकत नाहीये, त्यामुळे १३ वर लावा नाहीतर ३७ वर लावा, वेग जवळपास तोच, मशीन पूर्ण ताकदीने देत असेल तर मिनिटाला पाऊण युनिट धरून चाला. ३७ ते ८० म्हणजे १९-२० युनिट, २६ मिनिटं. १३ ते ८० म्हणजे ३० युनिट, ४० मिनिटं. जेवढं भराल तेवढा वेळ, बाकी काही नाही. हायवेचा नियम इथे लावायचा आणि वर अडकायची रिस्क घ्यायची, मला तरी हे पटत नाही.

दुसऱ्या स्टेशनवरून ८० टक्के करून निघालात की चौथ्याला, ३३० किलोमीटरवर, ३३ टक्क्यांनी पोचाल. चौथं बंद असेल तर पाचव्याला जाता येतं, १० टक्के राहतात. चौथ्यावर परत ८० केलेत की २४० किलोमीटर आणि राहिलेत २२०, म्हणजे कागदावर पोचता, पण ७ टक्क्यांवर, तेव्हा मधे एक दहा मिनिटांचा स्टॉप अजून धरा. आणि दुसऱ्या स्टेशनचे रिपोर्ट खराब असतील तर पहिल्यावरच १५ मिनिटं लावून घ्या, ११-१२ युनिट मिळतात, ७५-८० किलोमीटर झाले.

प्रश्न : बोर्डवर ६० किलोवॅट लिहिलंय आणि स्क्रीनवर २८ दिसतात. ही फसवणूक नाही का?

बहुतेक वेळा नाही. शेजारच्या गनला (गन म्हणजे केबलचं गाडीत घालायचं टोक) दुसरी गाडी लागली होती का ते आठवा. पुष्कळ ठिकाणी एकाच मशीनला दोन गन असतात आणि ६० हे दोघांत मिळून असतात, दोघं आले की ३०-३०. बोर्डावर हे कुणी लिहीत नाही, आणि लिहायला पाहिजे हे मात्र तुमचं खरं.

दुसरं कारण जरा आतलं आहे. चार्जरला अँपिअरची पण मर्यादा असते. बऱ्याच ५० किलोवॅटच्या चार्जरची १२५ अँपिअर असते. किलोवॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, तर गाडीची बॅटरी त्या वेळी ३५० व्होल्टवर असेल तर १२५ नी गुणून ४४ किलोवॅटच येणार, ५० कधीच दिसणार नाहीत आणि त्यात कुणाचा काही दोष नाही. तिसरं, तुमच्या गाडीचीच मर्यादा. छोट्या गाड्यांची डीसी, म्हणजे फास्ट चार्जिंगची कमाल ३० किलोवॅटच्या आसपास पण असते, मग ती साडेतीनशेच्या मशीनला लावली तरी ३०च घेणार. चौथं, बॅटरी गार असेल तर गाडी मुद्दाम हळू घेते, कारण थंड सेलमध्ये जोरात करंट घातला की लिथियम आत मुरण्याऐवजी पृष्ठभागावर साचायला लागतं आणि बॅटरीचं कायमचं नुकसान होतं. खूप तापली असेल तरी हळू घेते.

आमचा पाहुणा एकदा अशा २५ किलोवॅटवरून मशीनवाल्याशी फोनवर अर्धा तास भांडला, शेवटी कळलं की गाडी ९१ टक्क्यांवर होती.

प्लॅन करताना बोर्डावरचा आकडा सरळ निम्मा धरायचा. जास्त मिळालं तर मिळालं.

प्रश्न : दादा, ॲपवर स्टेशन हिरवं दिसत होतं, तिथे गेलो तर चार्जिंग सुरूच होईना. आता ॲपवर विश्वास ठेवायचा की नाही?

हिरव्याचा अर्थ एवढाच की मशीनने शेवटचं सर्व्हरला सांगितलं तेव्हा ते रिकामं होतं. नेट गेलं, गावाची लाइट गेली, गनचं लॉक मोडलं, यातलं काही काही ॲपला कळतच नाही. रंगाकडे बघू नका, तारखा बघा. प्लगशेअरसारख्या ॲपवर लोक चार्ज केल्यावर चेक-इन टाकतात, किती किलोवॅट मिळाले ते पण लिहितात. गेल्या आठवड्यात तुमच्याच प्रकारच्या गाडीने तिथे यशस्वी चार्ज केलं असेल तर ती सगळ्यात पक्की बातमी. शेवटचं चेक-इन चार महिन्यांपूर्वीचं असेल तर ते स्टेशन नाहीच असं समजून प्लॅन करा. आणि तुम्ही स्वतः पण टाकत जा, अडलं तर तेही लिहा, आपण सगळे फक्त वाचतो आणि लिहीत कुणीच नाही.

माझी स्वतःची फजिती सांगतो. रात्री साडेनऊला १९ टक्क्यांवर एका स्टेशनला पोचलो, आजूबाजूला शेतं, माणूस नाही. मशीनवर लाल फॉल्ट. कस्टमर केअरवाला म्हणे टेक्निशियन उद्या येईल. वीस मिनिटांनी लक्षात आलं की बाजूचं लाल इमर्जन्सी बटण कुणीतरी दाबून ठेवलंय, पोरंटोरं दाबतात. केअरवाल्याला परत फोन लावला, त्याला विचारून ते बटण फिरवून बाहेर काढलं, त्याने तिकडून रिसेट मारलं आणि सुरू झालं. तेव्हापासून आधी ते बटण बघतो. म्हणजे धूर, जळका वास, पाणी असं काही असेल तर हात लावायचा नाही, कुणी खरोखर कारणासाठी दाबलेलं असू शकतं.

सुरू होत नसेल तर बाकीचं असं करा, गन काढून परत घाला आणि सुरुवातीचे काही सेकंद हाताने आत दाबून धरा, केबलच्या वजनाने गन खाली लोंबते आणि पिना नीट बसत नाहीत, निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. नाही झालं तर दुसरी गन. मग गाडी बंद करून, लॉक करून दोन मिनिटं थांबा आणि पुन्हा. काही मशीनना आधी गन आणि मग ॲप लागतं, काहींना उलटं, तेव्हा दोन्ही करून बघा. तरी नाही तर केअरला फोन, ते लांबून मशीन रिस्टार्ट करू शकतात. फोनवर बोलताना मशीनवरचा नंबर समोर ठेवा, तोच आधी विचारतात. एक अजून, गावात मोबाइलची रेंज नसेल तर ॲप उघडणार नाही, म्हणून ज्या कंपन्यांचं टॅप करायचं कार्ड मिळतं ते घेऊन ठेवा आणि ॲपच्या वॉलेटमध्ये पैसे घरूनच भरा.

प्रश्न : घाट चढताना डिस्प्लेवरची रेंज धडाधड खाली आली, ११० ची ६० झाली. बॅटरी खराब आहे का?

नाही हो. डिस्प्लेवरचा तो आकडा म्हणजे गाडी मागचे काही किलोमीटर बघून बांधत असते तो अंदाज. पुढे घाट आहे हे पुष्कळ गाड्यांना माहीतच नसतं. चढाचा हिशोब पाचवी-सहावीच्या गणिताएवढा सोपा आहे, माणसांसकट १८०० किलोची गाडी १००० मीटर वर न्यायला नेहमीच्या खर्चाशिवाय साधारण ५ युनिट लागतात. ४५ च्या बॅटरीत ते ११ टक्के झाले. उतरताना मोटर जनरेटरसारखी चालून त्यातले ३ युनिट वगैरे परत देते (यालाच रिजन म्हणतात), सगळे कधीच नाही. आणि माथ्यावरच्या स्टेशनवर १०० टक्के भरून खाली उतरू नका, बॅटरीत जागाच नसते, मग रिजन कमी होतं आणि सगळा भार ब्रेकवर.

पण खरं सांगू का, लोक घाटाला घाबरतात आणि वेग विसरतात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ९० ऐवजी ११० ने गेलात तर हवा कापायलाच किलोमीटरमागे जवळपास दीडपट ऊर्जा. समोरून २० चा वारा असेल आणि तुम्ही ८० ने जात असाल तर हवेच्या दृष्टीने तुम्ही १०० ने जाताय. म्हणून टक्के कमी पडतायत असं वाटलं की एसी बंद करून घामाघूम होण्याआधी वेग कमी करा. एसी तासाला एखाद-दीड युनिट खातो, रस्ता मोकळा असेल तर त्याने फार बिघडत नाही, ट्रॅफिकमध्ये तास-दोन तास अडकलात तर मात्र जाणवतो. कडक थंडीत हीटरचं जास्त लागतं, आणि थंडीत रेंज २०-३० टक्के कमी धरूनच निघायचं.

अ बेटर रूटप्लॅनर नावाचं ॲप चढ-उतार धरून हिशोब करतं, त्यात स्टेशनला पोचताना किमान किती टक्के हवेत ते टाकता येतं. तिथे ते १० टाकून बसू नका, पहिल्या उत्तरातला नियम टाका.

प्रश्न : मग दर वेळी १०० टक्केच का करू नये?

कारण ८० ते १०० ला बऱ्याचदा १० ते ८० इतकाच वेळ जातो आणि मागे कुणीतरी ९ टक्क्यांवर उभा असतो. पुढचा टप्पाच लांब असेल तर करा, अगदी करा, पण मागच्याला विचारून. घरी मात्र निघायच्या आदल्या रात्री खुशाल १०० लावा. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची बॅटरी असेल तर तसंही अधूनमधून १०० करायला कंपन्याच सांगतात, कारण त्या बॅटरीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट असतं आणि गाडीला टक्के नीट मोजता येत नाहीत, पूर्ण भरली की तिचा हिशोब जुळतो. हे न केल्याने १५ टक्क्यांवरून एकदम ८ वर उडी मारलेल्या गाड्या मी बघितल्यात.

प्रश्न : गावांत मोठे चार्जर का लावत नाहीत? लोक कमी म्हणून दुर्लक्ष?

ते पण असेल, पण मुख्य अडचण तारेची आहे. ६० किलोवॅट म्हणजे दीड टनाचे तीस-पस्तीस एसी एकाच वेळी चालू केल्यासारखं. गावाच्या ट्रान्सफॉर्मरवर आधीच घरं, पंप, गिरणी असं सगळं असतं, त्यावर हे टाकलं तर व्होल्टेज पडतं. वेगळा ट्रान्सफॉर्मर बसवायचा तर खर्च, आणि दिवसाला चार गाड्या येणार असतील तर तो खर्च निघत नाही, गाड्या येत नाहीत कारण चार्जर नाही, असं ते फिरत राहतं. एक उपाय आहे, मशीनमध्येच मोठी बॅटरी ठेवायची, ती बारीक लाइनवरून दिवसभर हळूहळू भरत राहते आणि गाडी आली की एकदम देते. अशी मशीन मिळतात. पण लागोपाठ तीन-चार गाड्या आल्या की आतली बॅटरी उतरते आणि पुढच्याला परत हळूहळूच मिळतं, तेव्हा तशा स्टेशनला सुट्टीच्या दिवशी दुपारी जाऊ नका, सकाळी जा.

प्रश्न : फास्ट चार्जर बंदच निघाला तर साध्या प्लगवर भागेल का?

भागतं, रात्र काढायची तयारी असेल तर. १६ अँपिअरच्या प्लगवर सोबतच्या केबलने ताशी ३ युनिट धरा, आठ-नऊ तासांत वजावट जाऊन २२-२४ युनिट, म्हणजे दीडशे किलोमीटर. म्हणून मुक्काम कुठे करायचा हे ठरवताना खोलीआधी पार्किंगजवळ १६ अँपिअरचा प्लग आहे का ते फोन करून विचारा. आणि "हो आहे" एवढ्यावर थांबू नका, फोटो मागवा, कारण लोकांना मोबाइलचा प्लग पण प्लगच वाटतो.

अर्थिंग नसेल तर बहुतेक गाड्या चार्ज घेणारच नाहीत, ते बरोबरच आहे, त्यावर जुगाड करू नका. एक्स्टेंशन शक्यतो नकोच. अगदीच लागलं तर जाड वायरची आणि पूर्ण उलगडलेली, गुंडाळी तशीच ठेवून रात्रभर १६ अँपिअर ओढलेत तर ती वितळते. गावात व्होल्टेज कमी असेल तर पुष्कळदा केबलवर किंवा गाडीत करंट १० वर आणता येतो, वेळ वाढेल पण प्लग कमी गरम होईल. तासाभराने एकदा प्लगला हात लावून बघाच.

प्रश्न : माझं वय ७१, गाडी एकटाच चालवतो, आजवर फक्त घरी चार्ज केलंय. एकट्याने लांब जाऊ का?

काका, जा की. फक्त पहिला फास्ट चार्ज प्रवासात करू नका. या आठवड्यात घराजवळच्या कुठल्याही फास्ट चार्जरवर, गरज नसताना, ६०-७० टक्के असताना जा आणि पाच युनिट भरून या. ॲप उतरवणं, ओटीपी, पैसे भरणं, गन लावणं, काढणं, हे सगळं तिथे शांतपणे होतं. रस्त्यात जितक्या कंपन्यांची स्टेशनं आहेत तितकी ॲप लागतील, तेवढी सगळी घरीच उतरवून घ्या. गन निघत नसेल तर ओढाताण करू नका, आधी चार्जिंग थांबवा, मग गाडी अनलॉक करा. तरी नाही निघाली तर बऱ्याच गाड्यांत बोनेटखाली किंवा डिकीत हाताने सोडवायची एक दोरी असते, तुमच्या गाडीत ती कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये आत्ताच बघून ठेवा.

पहिल्या वेळी स्टेशनवर उजेडात पोचाल असं निघा. बऱ्याच गावाकडच्या स्टेशनला छप्पर नसतं, दिवा नसतो, बसायला जागा नसते. टॉर्च आणि छत्री गाडीत ठेवा. आणि फास्ट चार्जरची केबल चांगलीच जड असते, एका हाताने उचलायला जाऊ नका, गाडीचं चार्जिंगचं झाकण मशीनच्या बाजूला येईल अशी आधी गाडी लावा.